लाडवांच्या डब्याची किल्ली

आमच्या हेमांगीची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी. बिलं करायला सगळ्यांना खुलं असलेलं, फुकट मिळणारं, आपल्याच मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर घ्यावं की बड्या कंपनीचं, हा तिला घोर. बड्या कंपनीचे साहेब घरीच आले.

"मॅडम, ते फुकटचं सांभाळताना दमाल. बिलं आमच्याकडे ठेवा."

"आणि तुम्हाला सोडलं तर?"

"मग जुनी बिलं उघडणार नाहीत."

मी कान टवकारले. हेमांगी आत गेली आणि कुलूप लावलेला डबा घेऊन आली.

"लाडू घ्या, साहेब."

"किल्ली?"

"शेजारणीकडे. ती गेलीय कराडला."

साहेब खो खो हसले. "अहो, लाडू तुमचे नि किल्ली शेजारणीकडे?"

"मग बिलं माझी नि किल्ली तुमच्याकडे कशी?"

साहेब नुसता चहा पिऊन गेले. हेमांगी आता ते खुलं सॉफ्टवेअर सांभाळते, कुरकुरतेही. पण लाडू हवा तेव्हा काढते.