आधी कुणाचा पाय हलला

पूर्वी चंपानगरीवर अरिंदम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व शालगिरीच्या डोंगरी लोकांत जन्मला. भद्रसार त्याचे नाव. तक्षशिलेत शिकून तो मोठा पंडित झाला, आणि राजाने देऊ केलेले मंत्रिपद नाकारून आपल्या डोंगरात परतला. आजोबांच्या काळी शालगिरी स्वतंत्र होती. आता घाटाघाटांत चंपेचे पहारे होते. तरुणांनी भाले परजले, तर भद्रसार म्हणे, "आधी बोलू." त्या बोलण्यापायी त्याने कैदही भोगली होती.

तंटा मिटवायची या लोकांची एक रीत होती. दोघांनी नदीत कमरभर पाण्यात समोरासमोर उभे राहून बोलायचे. ज्याचा पाय आधी जागचा हलेल किंवा जो मदतीला हाक मारील, तो हरला. पहाऱ्यांचा तंटाही असाच मिटवू, जिंकेल त्याचा शब्द चालेल, असे भद्रसाराने राजाला कळवले. ऐकून राजा हसला. पण तरुण रक्त, तयार झाला.

"आचार्य, चार घास जास्त खा," टोळीचा नायक खदिर म्हणाला. "पोथ्यांच्या वजनानं पाय रोवले जात नसतात."

सकाळी दोघे पाण्यात उतरले. राजा पुन्हा पुन्हा एकच विचारी, "पहारे उठवले तर उद्या आमचे तांडे लुटाल. तुमच्या शब्दाचा भरवसा काय?" भद्रसाराने जुने करार सांगितले, दाखले दिले. राजाला काही पटेना.

दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला. पाणी गढूळ होऊन छातीशी आले, गळ्याशी आले. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. थंडी असेल, असे भद्रसाराला वाटले. मग ध्यानात आले, याचा पाय खडकाच्या फटीत अडकलाय! राजाने हाक मारली तर तो हरतो, नाही मारली तर बुडतो. आपण नुसते उभे राहिलो तरी शालगिरी सुटते. भद्रसार क्षणभर उभा राहिलाही. मग त्याने बुडी मारली.

काठावरच्यांना एवढेच दिसले, की दोघे गडप झाले आणि आचार्यांनी राजाला ओढत बाहेर आणले.

खदिर नाचतच आला. "जिंकलो! राजा पडला!"

"खदिरदादा, आधी मी हललो."

"हळू बोला हो! त्या गढुळात कुणी पाहिलंय? पोराबाळांचा तरी विचार करा."

"त्यांचाच करतोय. राजाचा पाय जागेवरच होता. आपण हरलो."

तरुणांकडे बघायचा भद्रसाराला धीर झाला नाही. कुणीतरी "फितूर!" म्हणून चिखलाचा गोळा मारला. तो त्याने पुसला नाही.

राजा डोळे मिटून पडला होता, पण ऐकत होता. उठून बसला, बराच वेळ सुजलेला घोटा चोळत राहिला.

"रीतीप्रमाणे मी जिंकलो," तो सेनापतीला म्हणाला, "तेव्हा हुकूम माझा. घाटांतले पहारे उठवा. सकाळपासून यांना एकच गोष्ट विचारत होतो. ती आता विचारायची उरली नाही."

एवढे सांगून भगवंतांनी त्या जन्मातल्या माणसांची ओळख पटवली : "राजा अरिंदम म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, खदिर म्हणजे मोग्गल्लान, आणि चिखल अंगावर घेऊन उभा राहिलेला भद्रसार, तो मी." हातचा देश जाताना दिसत असूनही जी ढळली नाही, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ण साधना.