सांडणीच्या गळ्यातली घंटा

फार पूर्वी अरबस्तानातल्या एका खजुरीच्या बनात पाण्याचा एकच झरा होता. तिथला लांडग्यांचा जाच परमुलखातून आलेल्या घोड्यांनी मोडला, पण मग घोडे परत गेलेच नाहीत. लांबून आलेल्या तहानलेल्याने आधी प्यायचं, हा बनाचा रिवाज. घोडे म्हणाले, आधी आम्ही. शेळ्या चिडून शिंगं उगारत त्यांच्यावर धावून गेल्या.

तेव्हा घोड्यांचा म्होरक्या म्हाताऱ्या सफिया सांडणीकडे आला. "आजीबाई, झऱ्याचा कारभार आता तुमचा," म्हणत त्याने तिच्या गळ्यात पितळी घंटा बांधली. सफिया हरखली.

"मग उद्यापासून लांबून आलेला आधी पिईल."

"ते आम्ही बघू. तुम्ही फक्त घंटा वाजवायची. ती वाजली की आम्ही प्यायला येऊ."

सफियाला वाटलं, आज घंटा, उद्या झरा. ती रोज वाजवत राहिली. बाकीच्यांच्या वाट्याला गढूळ पाणीच उरत राहिलं. उन्हाळा आला तशा शेळ्या पुन्हा शिंगं उगारून निघाल्या. सावलीतल्या घोड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या थेट सफियासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, हे तू ठरवलंस?"

"मी नाही ठरवलं," हे येईल त्याला सांगून सांगून सफिया थकली होती. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. घंटा वाजली, आणि घोडे सावकाश पाण्यावर आले.