रिंगपान्याची धास्ती

अवजारं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका गॅरेजात एक रिंगपाना होता. एकदा त्याने बसवलेला बोल्ट वाटेत ढिला पडला आणि एका ट्रकच्या डिफरन्शियलमधलं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीतलं, सगळं तेल गळून गेलं. तेव्हापासून त्याने धास्तीच घेतली. दांड्याला लांब पाइप लावून तो प्रत्येक बोल्ट जीव खाऊन आवळायचा.

एके दिवशी दुसऱ्या एका ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलचे बारा बोल्ट बसवायचे होते. पहिलाच बोल्ट कळवळला, "दादा, पुरे. मान तुटेल माझी."

"तुझ्या भल्यासाठीच करतोय," म्हणत पान्याने आणखी एक पीळ दिला. कटकन बोल्टचं डोकंच तुटून आलं. पाना हबकला. "पण मी ढिला कुठे सोडला होता?"

ठरलेला जोर लागला की टक् करून थांबायला सांगणारा टॉर्कपाना खुंटीवरून खाली उतरला. "दादा, किती आवळायचं ते ट्रकच्या पुस्तकात लिहिलंय. कधी उघडून बघितलंत?" त्याने पुस्तकातला आकडा आपल्या दांड्यावर लावला. तुटका तुकडा काढून दोघांनी नवा बोल्ट बसवला. फिरता फिरता टक् असा आवाज झाला.

"झालं. सोडा आता."

"थोडंसं अजून?"

"नाही."

असे बाराही बसले. ट्रक फरशा भरून घाटात गेला. चार दिवस पान्याच्या जिवात जीव नव्हता. ट्रक परतताच तो खाली शिरला. तेलाचा एक थेंब नव्हता, सगळे बोल्ट जागच्या जागी होते.

"बरे आहात ना रे?"

"आत्ता डोळा लागला होता, दादा," एक बोल्ट कुरकुरला.

पाना पाय न वाजवता बाहेर आला, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःही निवांत आडवा झाला.