खो मिळेपर्यंत

“पण अण्णा, इथे अशी नोकरी आहे तरी का?”

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं. तिचे शाळेपासूनचे खो-खोचे प्रशिक्षक अण्णा हुलवान मैदानावर पाणी शिंपडत राहिले.

सहा वर्षं परदेशी संख्याशास्त्र शिकून ती परवाच गावी आली होती. तिथल्या एका फुटबॉल संघाने तिला बोलावलं होतं, खेळाडूंच्या आकड्यांचा अभ्यास करायला. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जीव मात्र अडकला होता दोन खांबांमधल्या या तांबड्या मातीत.

“नाही,” अण्णा म्हणाले. “खो-खोत अशी नोकरी नाही.”

“मग मी काय करू?”

“आज एक पोरगी कमी आहे. बस चौकोनात.”

ती बसली. शेजारची बारकी मुलगी फिस्सकन हसली.

“ताई, तोंड तिकडं! एकीआड एक उलटं बसायचं. तिकडं जाऊन विसरलात व्हय?”

डाव सुरू झाला. मागून धडधडत पावलं यायची, कुणाच्या तरी पाठीवर थाप पडायची, ‘खो!’, आणि ती मुलगी बाणासारखी सुटायची.

शलाकाच्या पाठीशी कुणी थांबत नव्हतं.

शाळेतही असंच व्हायचं. ही हळू पळते, म्हणून हिला कुणी खो देत नसे. मग बसल्या बसल्या ती मोजायची. मोजायची सवय तिला इथेच लागली होती.

पळणारी एक मुलगी अगदी हातभर अंतरावरून गेली. शलाकाला राहवलं नाही. ती उठलीच.

शिट्टी वाजली.

“फाऊल! ताई, खो न मिळताच उठलात!”

मुली हसल्या. अण्णा हसले नाहीत.

“का उठलीस?”

“किती बसायचं, अण्णा...”

“बसून काय केलंस?”

“मोजलं. त्या उंच मुलीने चार गडी बाद केले. सगळ्यांत जास्त.”

“चारही वेळा तिला खो कुणी दिला?”

“ते सामन्याच्या गुणपत्रकात नसतं.”

“तू तर मैदानात होतीस.”

शलाकाने डोळे मिटले. पावलं आठवली, थापा आठवल्या... मग तिने शेजारच्या बारकीकडे बोट दाखवलं.

“तीन वेळा हिने.”

बारकी कानापर्यंत लाल झाली. तिचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

अण्णा मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीत गेले. सुतळीने बांधलेला वह्यांचा गठ्ठा आणून त्यांनी खांबापाशी ठेवला. शलाकाने वरची वही उघडली. तारीख, सामना, आणि खाली पानभर एकच नोंद : कुणी कुणाला खो दिला. शेवटच्या वहीवर आकडा होता एकतीस. एकेका वर्षाची एकेक वही.

“अण्णा, या कुणासाठी लिहिल्यात?”

अण्णांनी सुतळी गुंडाळून खिशात टाकली.

“सांगा ना.”

“जागेवर बस.”

ती बसली. या वेळी कुणी न सांगताच बरोबर दिशेला तोंड करून.

गुडघा धरत, लंगडत अण्णा तिच्या मागे आले. पाठीवर हात पडला. थाप नव्हती ती. हात तिथेच राहिला.

“खो,” अण्णा म्हणाले. “ऊठ की आता. बत्तिसावी वही तुझी. मला बसायचंय.”