सोनघळीचे एकच आडनाव

सोनघळीत सगळ्यांचे आडनाव कळंबे. सुतार कळंबे, गुरव कळंबे, धनगरही कळंबे. कुळे निरनिराळी, पण आडनाव एक. त्यामुळे लग्नपत्रिकेत दोन्हीकडे कळंबेच छापलेले पाहून परगावचे पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग गावातले म्हातारे गणूतात्या त्यांना घळीच्या तोंडाशी नेतात. तिथे एक जुना कळंब उभा आहे. "फांदीला हात लावू नका, आणि मग ऐका," असे म्हणून तात्या त्याच्या सावलीत बसतात.

फार पूर्वी, म्हणे, घाटावरच्या एका सरदाराने वैरापोटी एक अख्खे घराणे कापून काढले. त्यातला मानाजी नावाचा एक तरुण तेवढा निसटला. त्या घराण्याचे आडनाव काय होते, हे कथेत कुणी सांगत नाही. बहुधा आता कुणाला ठाऊकही नसावे. मानाजी सोनघळीत आला, मेंढरे राखू लागला. कुणी फारशी चौकशी केली नाही.

एकट्या धुळोबा सुताराला संशय होता. एकदा ओंडका वाहून न्यायला त्याने मानाजीला हाक मारली होती. ओंडका कळंबाचा आहे हे पाहताच मानाजी मागे सरला आणि त्याने नकळत हात जोडले. प्रत्येक कुळाचे एक देवक असते. ते झाड असले तर त्या कुळातला माणूस त्याच्यावर घाव घालत नाही. धुळोबाने ते पाहिले आणि ओंडका एकट्यानेच ओढत नेला.

हीच खूण सरदारालाही ठाऊक होती. एका सकाळी त्याचा नाईक शिपाई घेऊन आला आणि त्याने सारे गाव या कळंबाखाली उभे केले. "एकेकाने यायचं, कुऱ्हाड घ्यायची, एक घाव घालायचा. ज्याचा हात अडेल, तोच आम्हाला हवाय."

पहिली हाक सुताराला आली. लाकूड तोडणे हा त्याचा रोजचाच धंदा, त्याला कसली अडचण! धुळोबाने कुऱ्हाड घेतली. त्याचे देवक जांभूळ, हे अवघ्या गावाला माहीत होते. एक घाव, की तो सुटला. पण त्याच्यामागे दुसरा घाव घालील, मग तिसरा, आणि रांग सरकत सरकत मानाजीपाशी येईल. त्याने वळून पाहिले नाही. पाहिले असते तर नाईकानेही तिकडेच पाहिले असते.

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "हे आमचं देवक आहे, सरकार."

नाईक हसला. "सुताराचं देवक कळंब? आणि मी बसलोय तो चौरंग कशाचा रे?"

"कळंबाचाच. पण पडलेल्या झाडाचा. उभ्याला हात लावत नाही."

"खोटं बोलतोस. ज्याला झाड तोडायचं नाही, त्याला सुतारकी कशाला हवी? काढा ह्याचा अंगठा!"

दोघा शिपायांनी त्याचा हात त्याच चौरंगावर दाबून धरला. अंगठा उजवा की डावा, यावर गावात अजून दोन मते आहेत. धुळोबा ओरडला, इतके मात्र सगळे सांगतात. त्या ओरडण्याने मानाजी पुढे यायला निघाला. पण त्याच्याआधी कोंडाबाई गुरवीण रांग मोडून बाहेर आली. धुळोबाशी तिचे बांधावरून वर्षानुवर्षांचे भांडण. हा माणूस खोटे बोलतो आहे, तो कुणासाठी तरी, एवढे तिला कळले होते.

"माझंही देवक हेच," ती म्हणाली. "या मेल्याचं अन् माझं एकच आहे, म्हणून तर इतकी वर्षं जुंपतेय आमची. घ्या, माझाही अंगठा घ्या."

तिच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. हात पुढे होत गेले आणि त्या हातांत मानाजीचाही हात होता. आता कुणाला वेगळा काढणार? नाईक शिपायांवर खेकसला. शिपाई तरी कोण, आसपासच्या गावांतलीच माणसे. कोंडाबाईचा हात धरायला एकही पुढे झाला नाही. शेवटी नाईक घोड्यावर बसला. सरदाराला त्याने 'तो माणूस तिथे नाही' असे कळवले, म्हणे.

त्या दिवसापासून, कुणी विचारले तर सगळे एकच आडनाव सांगू लागले : कळंबे.

पुढे सरदार मेला, भीती सरली. तेव्हा गाव याच झाडाखाली बसले. मानाजीने हात जोडून सगळ्यांना मोकळे केले : आता आपापली जुनी आडनावे घ्या. लोकांत चुळबुळ सुरू झाली. धुळोबा एका बाजूला बसला होता. त्या दिवसानंतर त्याला लाकूड तासायची वाकस धरता आली नव्हती; मुलगा काम करी आणि हा नुसता सांगत बसे.

"बोल की रे," कोंडाबाई म्हणाली. "एरवी तोंड बंद नसतं तुझं."

"घ्या की खुशाल," धुळोबा म्हणाला. "फक्त, मग नाईकाचं खरं ठरेल. माझा अंगठा खोटं बोलल्याबद्दल गेला, असं होईल."

मग एकेक जण उठून घरी गेला. जुनी आडनावे पुन्हा कुणी उच्चारली नाहीत.

आजही सोनघळीत कुणाचेही लग्न असो, मांडवात कळंबाची डहाळी लागते. ती कुणी तोडत नाही. वाऱ्याने पडलेलीच आणतात. उचलण्याचा मान सुताराच्या घराचा, आणि तो माणूस ती अंगठा आत दुमडून, चार बोटांनी उचलतो.