हैबतीच्या हातातला दोर

या कड्याखालच्या वाड्यांमध्ये दोराने उतरणारा माझ्याएवढा जुना माणूस आता शोधूनही सापडायचा नाही. छाती फुगवून सांगतो, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. आता कोणी चहाडी करायच्या आत मीच सांगून टाकतो. मी उतरतो ती धाकटी दरड. माझे पाय जमिनीपासून हातभर वर असतात, आणि तेवढ्यातही मी डोळे मिटून घेतो. मोहोळ तर तिथे माझ्या आजोबांच्या वेळेपासून नाही.

पण मी उतरतो कशासाठी, ती गोष्ट मात्र खरी आहे. म्हणजे मी ऐकली तेवढी खरी आहे.

फार वर्षांपूर्वी घडलेलं हे. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका. शाळेत सनावळ्यांचा धडा आला तेव्हा मी कैऱ्या पाडायला गेलो, तो परत वर्गात गेलोच नाही. तेव्हा आमची धुरवाडी कड्याला अशी चिकटलेली होती, जशी म्हशीच्या कानाला गोचीड. वर कडा, खाली रान, मध्ये आम्ही. कड्याला आग्या मोहोळं लोंबायची, सुपाएवढी, असं म्हणतात. आमचा रामभाऊ ती बैलगाडीच्या चाकाएवढी होती म्हणून सांगतो. रामभाऊला समोरची म्हैस दिसत नाही, त्याचं सोडा. मध खालच्या बाजाराला जायचा आणि त्याच्या बदल्यात भात आणि मीठ वर यायचं. ज्या घरातलं माणूस कड्यावरून उतरलं, त्या घरात भात शिजायचा. बाकीच्यांनी कंद उकडायचे.

उतरायचा दोर गावाचा होता. केकताडाच्या वाखाचा, मनगटाएवढा जाड, कडजाईच्या देवळात खुंटीला टांगलेला. आणि तो मिळायचा एकाच अटीवर. दोर वरून धरायचा तो उतरणाऱ्याच्या मेहुण्याने, बायकोच्या सख्ख्या भावाने. का, तर बहिणीचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून मेहुणा जीव गेला तरी दोर सोडत नाही. ज्यांना मेहुणे आहेत त्यांनी एकदा आपापल्या मेहुण्याकडे बघून घ्या. झालं बघून? चला पुढे.

वाडीचा कारभारी खुंटीवरून दोर काढायचा आणि दोर धरणाऱ्याकडे बोट करून विचारायचा, "तो तुझा कोण?" उतरणाऱ्याने म्हणायचं, "मेहुणा." मग दोर हातात पडायचा.

आता बघा, ज्याचं लग्न नाही त्याला दोर नाही. ज्याच्या बायकोला भाऊ नाही त्यालाही नाही. विधवेला नाही. बाईने तर उतरायचंच नाही, कारण बाईला बायको कुठली आणि त्या बायकोचा भाऊ कुठला! अशा सगळ्यांना वाडीत 'बिनदोरी' म्हणायचे. पिळून झालेल्या पोळ्याचं मेण तेवढं त्यांना मिळायचं. गोदी नावाची एक विधवा होती, तिची पोरं ते मेण चघळून झोपायची, असं म्हणतात.

त्या बिनदोऱ्यांतच होता कुशाबा. अंगाने काडी, पण कड्यावर पालीसारखा चढायचा. आणि त्याच्याबरोबर होता हैबती. हा घाटापलीकडून मिठाच्या बैलांबरोबर आला, एका पावसाळ्यासाठी थांबला आणि राहिलाच. दारातून आत येताना आडवा व्हायचा एवढा रुंद, आणि बोलायचा इतकं कमी की वाडीतल्या बायकांना बरेच दिवस तो मुका वाटला. दोघांची चूल एक, घोंगडी एक. नवराबायको राहतात तसे राहायचे. यात मी पदरचं काही घालत नाही आणि काही गाळतही नाही. वाडीला सगळं माहीत होतं. पण कोणी बोलत नव्हतं, कारण बोललं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं, आणि ठरवायला आमच्या वाडीला पहिल्यापासून कंटाळा.

कुशाबाला दोर नसल्यामुळे तो झुडपांतली बारकी पोळी काढायचा. हैबती लाकडं फोडायचा. कंद दोघे मिळून उकडायचे.

मग एक वर्ष असं आलं की कड्यावरची सगळी मोहोळं उठली आणि काळ्या कपारीत जाऊन बसली. काळी कपार म्हणजे कड्याच्या पोटात आत गेलेला खड्डा. वरून दोर सोडला तर माणूस हवेत गरगर फिरतो, हाताला दगड लागत नाही. तिथे उतरायची छाती कोणाची नव्हती. वाडीतला भात संपत आला. तेव्हा कारभारी होता रंगोजी, मिशीला पीळ, आवाजाला त्याहून जास्त. तो स्वतः कुशाबाच्या दारात आला.

"कुशा, काळ्या कपारीत उतरशील?"

"उतरेन. दोर हैबती धरेल."

रंगोजीने सवयीने देवळातलं नेहमीचंच विचारलं, "तो तुझा कोण?"

"तुम्हाला माहीत आहे," कुशाबा म्हणाला.

"मला माहीत असून काय उपयोग? कडजाईला काय सांगू? हे बघ, माझी पुतणी आहे चिमी. तिच्याशी लग्न लाव. तिला भाऊ आहे. झाला तुला मेहुणा. मग घरात कोणाला ठेवायचं ते ठेव."

"म्हणजे मला मेहुणा मिळावा म्हणून चिमीने जन्मभर माझ्या दारात बसायचं? चिमीला विचारलंत?"

चिमीला कोणी विचारलं नव्हतं. हैबती मागे लाकडं फोडत होता, त्याची कुऱ्हाड थांबली. कुशाबा म्हणाला, "हैबतीच्या हातात दोर असेल तर उतरतो. नाहीतर नाही. आणि फारच झालं तर आम्ही दोघं ही वाडी सोडतो."

रंगोजीची मिशी थरथरली. कोणाचा नकार न ऐकता वाढलेला माणूस तो. म्हणाला, "ठीक आहे, मीच उतरतो. माझा मेहुणा आहे, भिकाजी. त्याला विचारा दोर कसा धरतात ते!"

भिकाजी म्हणजे रंगोजीच्या बायकोचा, सगुणेचा भाऊ. देखणा गडी. लग्नात उठून दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी कड्याच्या माथ्यावर जमली. ओल्या पाल्याची धुरी केली. रंगोजी उतरला. बिनदोऱ्यांना दोराजवळ यायची मनाई, म्हणून कुशाबा आणि हैबती लांब उभे. रंगोजी कपारीपाशी पोचला, पहिल्या मोहोळाला हात घातला, आणि वारा फिरला. धूर एकीकडे गेला आणि मधमाश्या दुसरीकडे, म्हणजे सरळ माथ्यावर. त्या उठल्या तेव्हा दिवसा अंधारून आलं, असं म्हणतात.

भिकाजीला एक मधमाशी चावली. एकच, नाकावर. त्याने दोर सोडला आणि पळाला. तो अजून पळतोय, असं म्हणतात.

दोर सळसळत कड्यावरून निघाला. शेवटचा वेढा उरला असेल नसेल, तेवढ्यात हैबतीने झेप घेतली आणि दोर पकडला. दोन्ही टाचा दगडाला रोवल्या. मग सगळं मोहोळ त्याच्यावर बसलं. माणूस दिसेना. नुसतं एक काळं घोंगडं उभं, हलणारं, गुणगुणणारं, आणि त्यातून बाहेर आलेले दोन हात. खाली रंगोजी शुद्ध हरपून लोंबकळत होता. कुशाबा हैबतीजवळ गेला, त्या घोंगड्याला म्हणाला, "उतरतो रे," आणि तोच दोर धरून खाली गेला. म्हणजे हैबतीच्या हातात आता दोघं. कुशाबाने रंगोजीला पाठीला बांधलं, आणि हैबती एकेक हात दोर ओढत गेला. वर आले तेव्हा दगडात हैबतीच्या टाचांचे खड्डे पडले होते. ते अजून आहेत. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि बेडूक राहतात. बेडकांचं मी स्वतः पाहिलंय.

गोदीने चिखल कालवून हैबतीच्या अंगाला लावला. तो तीनच दिवसांत उठला म्हणतात. मला एक गांधीलमाशी चावली तर मी महिनाभर विव्हळत होतो, पण माझी बायको तानू म्हणते की त्यात गांधीलमाशीचा दोष कमी होता.

मग देवळात बैठक बसली. रंगोजीचं तोंड सुजून भोपळा झालेलं, मिशी कुठे होती तेही कळत नव्हतं. त्याने खुंटीवरून दोर काढला आणि म्हणाला, "आजपासून कुशाबाचा दोर हैबतीने धरावा. कोणी काही विचारायचं नाही. पण हे या दोघांपुरतं. बाकी नियम आहे तसा राहील."

लोकांनी माना डोलावल्या. प्रश्न मिटला, घरी जायला मोकळे. आणि कुशाबा म्हणाला, "नको."

"नको? लेका, जे मागत होतास तेच देतोय!"

"रंगोजीबाबा, परवा दोर धरला तेव्हा हैबती तुमचा कोण होता?"

मधमाश्यासुद्धा गुणगुणायच्या थांबल्या, असं म्हणतात. मधमाश्या कशाला थांबतील, पण माणसं थांबली असतील.

"कोणी नव्हता," रंगोजी म्हणाला.

"मग तो प्रश्नच काढून टाका. आम्हा दोघांना आत घेऊन दार लावलंत, तर कडी तुमच्याच हातात राहिली. सूज उतरली की आम्हाला पुन्हा विचाराल. आणि आम्हाला नाही विचारलंत, तरी गोदीला विचारालच."

गोदी मागे खांबाला टेकून बसली होती. आपलं नाव ऐकून उठली. म्हणाली, "माझा दोर माझी जाऊ धरील. आम्ही रोज भांडतो. पण ती सोडायची नाही. मी पडले तर ती भांडेल कोणाशी?"

तेवढ्यात कारभारीणबाई, म्हणजे सगुणा, पदर खोचून पुढे आली. "आणि यांचा दोर यापुढे मी धरीन. माझा भाऊ कुठवर पोचला, काही कळलं का कोणाला?"

आधी कोणी हसेना. मग रंगोजीच्या भोपळ्यातून काहीतरी आवाज आला. तो हसत होता, पण तोंड सुजल्यामुळे रडल्यासारखं दिसत होतं.

त्याने हैबतीकडे पाहिलं. "तू बोल. तूच धरला होतास."

हैबती म्हणाला, "जो उतरतो त्याला विचारा. जीव त्याचा आहे."

एवढंच. त्याच्या आयुष्यातलं गावासमोरचं हे एकच बोलणं, असं म्हणतात. रंगोजीने दोर पुन्हा खुंटीला टांगलाच नाही. देवळाच्या उंबऱ्यावर ठेवला, कोणालाही उचलता येईल असा.

सगळे लगेच सुधारले असं समजू नका. आम्ही धुरवाडीचे आहोत. दोन घरांनी कुशाबाच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं, पण त्याने आणलेला मध काही सोडला नाही. काहींनी देवी कोपेल म्हणून वाट बघितली. त्या वर्षी काळ्या कपारीतून इतका मध निघाला की कड्यावरून त्याचा ओघळ खाली आला. तो पिवळा पट्टा अजून दिसतो. शाळेतले गुरुजी म्हणतात, दगडातल्या लोखंडाचा गंज आहे. मी चाटून बघितलाय. गंजच लागतो. पण गुरुजींनी चाटला नव्हता, तेव्हा माझं ज्ञान वरचढ.

गोदी उतरली, जावेने दोर धरला, आणि वरून सबंध वेळ तिला शिव्या घातल्या. गोदीची पोरं त्या रात्री भात जेवली. चिमीने लग्न केलं नाही, तीही उतरू लागली, तिचा दोर तिची आई धरायची. ज्याचा मेहुणा दारू प्यायचा त्याने म्हाताऱ्या बापाचं नाव सांगितलं. आणि सगळ्यात जास्त सुटका झाली ती मेहुण्यांची. बिचारे कित्येक पिढ्या मनातल्या मनात घाबरत होते आणि कोणाला सांगता येत नव्हतं. कुशाबा भांडला होता एका माणसासाठी. गाठी मात्र कोणाकोणाच्या सुटल्या बघा.

ते दोघे म्हातारे झाले. एका चैत्रात कड्यावर गेले ते परत आले नाहीत. लोक शोधायला गेले, तर टाचांच्या खड्ड्यांपाशी दोर पडलेला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना कमरेची गाठ होती. मग वर कोण होतं आणि खाली कोण? मधमाश्यांनी दोघांना उचलून नेलं, असं म्हणतात. कोणी म्हणतं, पलीकडून घाट उतरून गेले आणि कोणाच्या तरी नारळीच्या बागेत राखण करत राहिले. मला दुसरं बरं वाटतं. बागेत सावली असते.

आता मध कोणी काढत नाही. पण चैत्रात ते दोघे गेले त्या दिवशी अख्खी धुरवाडी धाकट्या दरडीपाशी जमते. ज्याला त्याला कमरेला दोर बांधतात आणि विचारतात, "दोर कोणाकडे?" तो ज्याचं नाव घेईल त्याने वर जाऊन दोर धरायचा. नवरा, बायको, बहीण, शेजारीण, कोणीही. "तो तुझा कोण?" हा प्रश्न मात्र या वाडीत बंद आहे, सणाला आणि एरवीही. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाई विचारतात, पेशंटचे तुम्ही कोण? तर आमची माणसं सांगतात, दोरकरी. आधी त्या वैतागायच्या, आता नुसत्या मान हलवतात. गेल्या साली शहरात कामाला असलेल्या आमच्या दोन पोरी आल्या होत्या, एकत्रच राहतात. एकीने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीने दोर धरला, पुजाऱ्याने नारळ फोडला आणि सगळे जेवायला बसले. भात जरा कच्चा होता.

यंदा माझी पाळी आली. "दोर कोणाकडे?" मी दरवर्षीसारखं तानूचं नाव घेतलं. ती दरडीवर गेली, मी लोंबकळलो, डोळे मिटले. खाली सगळी वाडी उभी, म्हटलं जरा गंमत करू. ओरडलो, "तानू, एवढी वर्षं दोर धरतेस, खरं सांग, मी तुझा कोण?"

वरून तानू म्हणाली, "तो प्रश्न या वाडीत विचारत नाहीत. तुम्हाला विचारायचाच असेल तर थांबा, आधी दोर सोडते."