सटवाबाची चुकीची दवंडी

फार फार वर्षांपूर्वी, जांभळझरी गावात घड्याळ यायचं होतं तेव्हा, सटवाबा नावाचा दवंडीवाला राहत होता. त्याच्या हलगीची थाप तीन डोंगरांपलीकडे जायची आणि तिकडच्या गावचे लोकही ओ द्यायचे, असं म्हणतात. मला विचाराल तर एक डोंगर कमी करा, पण आमच्या गावात तसं बोलून दाखवू नका.

मग प्लेगची साथ आली. कुठल्या घरात माणूस गेलं, कुठलं घर सोडायचं, हे सटवाबाच हलगी वाजवून सांगायचा. गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं. गोजराबाईचा नवरा आणि दोन लेकरं गेली, तेव्हा तिच्या घराचं नाव त्यानंच पुकारलं. पुकारताना त्याचा आवाज फाटला होता.

साथ सरली. माणसं घरी परतली, पण भीती काही गेली नाही. जो तो दार लावून बसे. माळावरच्या झोपड्या मोडायची कुणाची छाती होईना. साथीनंतरचं पहिलं लग्न निघालं, मांडवात सटवाबानं हलगीवर पहिली थाप मारली, आणि काय सांगू! वऱ्हाड अंथरुणं काखोटीला मारून माळाकडे पळालं. सगळ्यांच्या पुढे नवरदेव, मुंडावळ्यांसकट! पाटावर एकटी नवरी उरली. लग्न लागलं दुसऱ्या दिवशी, वाजंत्र्यांवाचून.

सटवाबानं हलगी खुंटीला टांगली. आपणच गावाला भिववलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

गोजराबाईनं तर दार उघडणंच सोडलं. तिची जाऊ परड्याच्या भिंतीवर भाकरी ठेवायची, ती कधी उचलली जाई, कधी तशीच वाळून जाई. ही बाई अशानं जायची, असं बायका हळूच बोलायला लागल्या. ते सटवाबाच्या कानावर गेलं आणि त्याला अन्न गोड लागेना. ज्या तोंडानं तिचं घर पुकारलं, त्याच तोंडानं तिला बाहेर बोलवायचं, असं त्यानं ठरवलं.

तो हलगीविना गल्लीतून निघाला. सांगायला चांगलं काही सापडेना, म्हणून त्यानं दिसेल ते पुकारलं. "ऐका हो ऐका! धोंडिबाच्या गाईला कालवड झाली हो!"

धाडकन दार उघडलं. "कालवड न्हाई, गोऱ्हा झालाय!" धोंडिबा ओरडला, आणि बाहेर आलाच आहे तर उंबऱ्यावर बसून गोऱ्ह्याचं कौतुक सांगत राहिला. सांगता सांगता गेलेल्या भावाची आठवण निघाली, तेव्हा तो पोटभर रडला. साथीपासून पहिल्यांदाच रडला होता.

सटवाबाला वाट सापडली. भीतीनं घरात बसलेला माणूसही आपल्या घराबद्दल चुकीचं बोललेलं खपवून घेत नाही. मग तो रोज मुद्दाम चुकीची दवंडी द्यायला लागला. गल्लीत भांडणं सुरू झाली, भांडणातून बोलणं, बोलण्यातून हसणं. फक्त गोजराबाईचं दार हललं नाही. तिच्या कोंबडीला त्यानं बदक म्हणून पाहिलं, शेळीला म्हैस म्हणून पाहिलं.

एका सकाळी त्याला तिच्या छपरावर आपोआप चढलेला वेल दिसला. त्यानं पुकारलं, "ऐका हो ऐका! गोजराबाईच्या छपरावर कारलं लागलं हो!"

दार करकरलं. गोजराबाई उन्हात आली, डोळ्यांवर हात धरून. "कारलं? अरं मुडद्या, डोळं फुटलं का तुझं? दोडका हाय त्यो! आमच्या ह्यांना कारलं बघवत नव्हतं, मी लावीन व्हय?"

मुडद्या! साथीपासून हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. सटवाबा हसायला लागला आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले. ती पण रडली. मग तिनं विचारलं, "हलगी कुठाय तुझी?"

"टांगलीय. वाजली की लोकं पळत्यात, गोजराबाई."

"मी न्हाई पळायची. आण हिकडं. माझ्या चुलीवर शेक."

तिनं चूल पेटवली. हलगीचं सैल पडलेलं कातडं तापून ताठ झालं, सटवाबानं हळूच थाप दिली. गल्लीभर माणसं दारात उभी होती. कुणी अंथरूण उचललं नाही. त्या थापेसरशी माळावरच्या रिकाम्या झोपड्या एकेक करून आपोआप खाली बसल्या, असं म्हणतात. यातला मात्र एक डोंगरही मी कमी करत नाही.

सटवाबा जाऊन कैक पिढ्या झाल्या. अजूनही छपरांवर दोडके लटकायला लागले की आमच्या गावात हलगी निघते. प्रत्येक दारापुढे एक चुकीची बातमी पुकारतात, आणि ती दुरुस्त करायला घरातल्या कुणीतरी बाहेर यायचं असतं. जिथून कुणी येत नाही, तिथे हलगी थांबते आणि दार उघडेपर्यंत सगळं गाव तिथेच बसून राहतं.

अलीकडची साथ ओसरली, त्या वर्षी हलगी शिंप्याच्या यमुनेच्या दारात थांबली. तिच्या छपरावर कारलं लागलं, असं पुकारूनही दार उघडलं नाही. नवरा गेल्यापासून ती बाहेर आली नव्हती. गाव बसलं. तिथेच भाकऱ्यांची फडकी सोडली, पोरं तिथेच खेळली. ऊन कललं तेव्हा कडी निघाली.

"कारलं न्हाई, दोडका हाय," ती बारीक आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही सगळी जेवलात का?"